किरमकान

८ सप्टेंबर, सोमवार

तात्या हल्ली एकच शब्द बोलतात आणि तो शब्द कुठल्याच शब्दकोशात नाही. म्हणून ही डायरी काढली. ललितच्या कंपनीने जानेवारीत दिली होती, कपाटात कोरी पडून होती. बोईसरच्या कंपन्या दिवाळीला मिठाई देतात आणि जानेवारीत डायरी. मिठाई संपते, डायऱ्या साठत जातात.

शब्द असा: किरमकान.

तात्या म्हणजे माझे सासरे. श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पालघरच्या हॉस्पिटलातून आमच्या गावी, पामला, घरी आणलं तेव्हा वाटलं होतं, आता हळूहळू सुधारतील. पण ते जेवतच नाहीत. गिळता येतं. घट्टसर, गुठळी नसलेलं दिलं तर अगदी व्यवस्थित गिळतात, हे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलंय. पेज झाली, मऊ भात झाला, रव्याची खीर झाली. एक-दोन चमचे घेतात आणि ओठ गच्च मिटतात. मग 'किरमकान!' म्हणतात आणि डाव्या हाताचं बोट माझ्यावर रोखतात. बोट इतकं थरथरतं की नक्की काय दाखवताहेत ते कळत नाही. ललित म्हणतो, "तुला हुकूम सोडतायत, दुसरं काय." वडिलांना तो पूर्ण ओळखतो, असा माझ्या नवऱ्याचा समज आहे.

मला शब्दकोडी सोडवायचा नाद आहे. पेपर आला की आधी कोडं, मग बातम्या. पाच अक्षरी शब्द, बाकी काही सूचना नाही. बघू.

आज सोमवार, माझा उपास. उपासाचं एक बरं असतं, स्वतःसाठी काही करत बसावं लागत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

सुटलं! किरम म्हणजे किडा, जंत. जुनी माणसं 'पोटात किरम झाले' म्हणायची. किरम, कान. तात्यांच्या कानात किडा गेलाय! बिचारे महिनाभर ओरडून सांगताहेत आणि आम्ही त्यांच्या तोंडात पेज कोंबतोय. कानात काही वळवळत असताना कोण जेवेल?

ललितने सुट्टी टाकली. गाडी करून पालघरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही कानांत बॅटरी मारून पाहिलं. तात्या दर मिनिटाला "किरमकान!" करत होते. मी डॉक्टरांना म्हटलं, "बघा, स्वतःच सांगतायत." डॉक्टर अर्धा तास खपले आणि दोन्ही कानांतून मळ काढला, चिकूच्या बीएवढा. किडा नाही.

परतताना ललित खिडकीबाहेर बघत बसला. तात्या मात्र माझ्याकडे बघत होते, आणि शपथेवर सांगते, अर्ध्या तोंडाने हसत होते. आता त्यांना छान ऐकू येतं, एवढाच फायदा.

आज संकष्टी. चंद्र उगवेपर्यंत थांबायचा कंटाळा आला, दूध पिऊन पडले.

१३ सप्टेंबर, शनिवार

कोडं माझ्या हातून सुटलं नाही. ते सोडवलं कमलाकांतकाकांनी, तेही सहज.

काका तात्यांचे तरुणपणापासूनचे दोस्त. हल्ली सफाळ्याला मुलीकडे असतात, आज भेटायला आले. तात्या त्यांना बघून रडले आणि लगेच म्हणाले, "किरमकान." काका चकित. मग खो खो हसत सुटले.

"अगो सूनबाई, याला अजून याद हाय! किरमकान म्हंजे मका गो. साहेब लोकांचा डब्यातला मका. पिवळा, घट्ट, दुधातला."

तेव्हा कळलं. तारापूरचं अणुशक्ती केंद्र उभं राहात होतं तेव्हा अमेरिकन साहेब इथे बायकामुलांसह राहायला होते. काका त्यांच्या बागेत कामाला होते आणि तात्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला. तात्या आणि स्वयंपाक! मी लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाने पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतलेला पाहिला नाही. पुढे केंद्राच्या कॅन्टीनमध्ये नोकरी केली हे माहीत होतं, पण मला वाटायचं तिथे हिशेब बघत असतील.

संध्याकाळी स्नेहाला पुण्याला व्हिडिओ कॉल केला. ती पोट धरून हसली. "आई, क्रीम कॉर्न! आणि तू आजोबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलंस?" मग हसू थांबवून म्हणाली, "तू किती वाळलीयेस गं." म्हटलं, तुझ्या फोनचा कॅमेरा खराब आहे.

मला फार बरं वाटतंय. माणसाला काय हवंय ते कळलं की निम्मं काम झालं.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. सासूबाईंचं पान वाढलं. पुरणपोळी, आळूची भाजी, सगळं त्यांच्या पद्धतीने. कावळा दोन मिनिटांत आला. जिवंतपणी त्यांना कधी घाई नव्हती.

दीड वर्ष झालं त्यांना जाऊन. सगळ्यांचं आटोपलं की आम्ही दोघी शेवटी बसायचो, एकाच ताटात. सुक्या बोंबलाची चटणी मध्ये आणि जगाच्या उखाळ्यापाखाळ्या. जेवण दहा मिनिटांचं, बसणं तासभराचं. त्या गेल्यावर मी काही दिवस ताट वाढून घ्यायचे, पण एकटीने बसून खायचं म्हणजे भिंतीकडे बघत खायचं. आता ओट्याशीच काहीतरी तोंडात टाकते आणि मोकळी होते. तात्या आजारी पडायच्या आधी रोज दुपारी ओटीवरून हाक मारायचे, "चारुता, जेवलीस गो?" मी आतून "हो" म्हणायचे, म्हणजे विषय संपायचा. आता तेही विचारणं बंद झालं. घर फार शांत वाटतं.

सवाष्ण जेवून गेली. मला पोळी खावीशी वाटली नाही, गाईला घातली. तात्यांनीही तोंड फिरवलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ललितने बोईसरच्या मॉलमधून डबा आणला. झाकण उघडलं आणि आत खरंच पिवळं, घट्ट, चमकणारं. वास दुधाचाही नाही आणि मक्याचाही नाही, पण तोंडाला पाणी सुटावं असा काहीतरी. मी किती वेळ वाकून बघत होते. गुरुवारचा उपास होता म्हणून चाखता आलं नाही.

दाणे घशात अडकू नयेत म्हणून मिक्सरमधून काढून, गाळून, वाटीत घालून तात्यांपुढे नेलं. म्हटलं, "तात्या, किरमकान!"

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, जिंकले. त्यांनी डावा हात उचलला, वाटी धरली आणि ढकलली, थेट माझ्याकडे. निम्मं माझ्या साडीवर.

म्हणजे डब्यातलं नको. चवीत फरक पडला असणार इतक्या वर्षांत. घरीच करायला हवं.

२० सप्टेंबर, शनिवार

आज घरचं. स्नेहाने व्हिडिओ पाठवले होते, त्यात एक गोरी बाई मक्यात लोणी, दूध, साखर आणि मीठ घालते. दुधात मीठ! सासूबाई असत्या तर त्यांनी फोन विहिरीत टाकला असता. दूध आणि मीठ एकत्र आपल्यात कोण घालतं? मी मीठ वगळलं आणि साखर जरा वाढवली. मग वाटलं वेलची हवी. मग जायफळ. शेवटी जे झालं ती मक्याची खीर होती, हे मलाही कळत होतं. तळहातावर थेंबभर घेऊन पाहिली, छान होती.

तात्यांनी एक चमचा घेतला आणि वाटी ढकलली. परत माझ्याच अंगावर. त्यांचा नेम चांगला सुधारतोय.

२२ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. तात्यांची हाडं मोजता येतात. त्या स्पष्ट बोलल्या. आठवडाभरात तोंडाने खाणं वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. मंगळवारी, ३० तारखेला, दाखल करा. नळी एकदा घातली की या वयात ती निघेलच असं सांगता येत नाही, आणि हात बांधून ठेवावे लागतात, नाहीतर पेशंट ओढून काढतो.

ज्या एका हाताने तो माणूस काहीतरी सांगायला बघतोय, तोच बांधायचा. ललित मागच्या पडवीत जाऊन उभा राहिला. मी गेले नाही, त्याला तसा रडताना कुणी पाहिलेलं चालत नाही.

आज घटस्थापना. मी देवीसमोर बोलले आहे: तात्या जेवायला लागेपर्यंत माझ्या तोंडात अन्न जाणार नाही. फक्त दूध आणि फळं. ललितला सांगितलं तर तो ओरडला. ओरडू दे. तात्यांच्या कानावरही गेलंच, कारण आता त्यांना सगळं ऐकू येतं. त्यांनी डोळे मिटले आणि दुपारची पेजसुद्धा घेतली नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

कमलाकांतकाकांना फोन केला. म्हटलं, काका, आठवून सांगा, तात्या त्यात घालायचे तरी काय?

काकांना कृती विचारली की ते पुराण सांगतात. "अगो, साहेब लोक तर डबाच फोडायचे. घरचं केलं ते त्या मॅडमसाटी. नवीन लगीन झालेली, पोरगीच. देश सुटला, आई सुटली, खायचीच नाय. आणि त्यात डबे संपले, बोटीनं यायचे ना ते. मग यानं आपल्या वाडीतला मका नेला आन् केलं. वाटी तिच्यापुढं ठेवायचा आन् मागच्या पायरीवर जाऊन बसायचा. ती खात नाय तवर हा पण जेवायचा नाय. आमी हसायचो त्याला. बोलायचा, उपाशी माणसाला वाढून आपण गिळायचं कसं?"

"काका, मीठ घालायचे की नाही?"

"आं? मीठ? मीठ घालायचा तर! मीठ, मिरपूड, लोणी. आन् दाणे नाय घालायचा, नुसतं कणसाचं दूध. ती पोरगी मग..."

काकांची गाडी तिथून त्या मॅडमच्या बाळंतपणापर्यंत गेली. गॅसवर दूध होतं, मी फोन ठेवला. पण मुद्दा हाती लागला. मीठ! आणि मका गावचा, बाजारातला गोड मका नव्हे. एवढी साधी गोष्ट, आणि मी खीर करत बसले होते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार



बोईसरच्या बाजारात डोंगरावरून येणारी लाडकी नावाची बाई बसते, काकड्या आणि कणसं घेऊन. "शेवटची हायत बाय, आता नाय मिलायची," म्हणाली. नख लावलं की पांढरं दूध येईल अशी कोवळी बघून घेतली. घरी विळीच्या खवणीवर नारळासारखी खवली. सपासप झालं. दूध, लोणी, आणि डोळे मिटून चिमूटभर मीठ. मंद आचेवर आपोआप दाटलं, पिठूळ मक्याचा हा गुण. रंग पांढराच, पण वास! मी दोनदा झाकण उघडून हुंगलं. चाखायचं तर नव्हतंच.

दुसऱ्या चमच्याला तात्यांना ठसका लागला. ठसका कसला, श्वासच अडकला. ओठ निळे पडले. ललितने पालथं धरून पाठीवर थापा मारल्या तेव्हा कुठे एक साल बाहेर पडलं, दाण्याचं, नखाएवढं. खवणीने सालंही खवली गेली होती आणि मी ते गाळायला विसरले. डब्यातलं गाळलं होतं, आणि आपल्या हातचं म्हणून यावर विश्वास ठेवला.

माझ्या हाताने आज तात्या गेले असते. मी फार घाबरले आहे. ललित म्हणाला, "चारू, पुरे झालं आता. मंगळवारी नळी घालू." 

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी ठरवलं, शेवटचं एकदा. कणसं चार उरली होती. खवणी नाही. सुरीने प्रत्येक ओळीतल्या दाण्यांचे नुसते डोळे फोडले, मग सुरीची पाठ वरून खाली दाबून ओढली. दूध आणि गर खाली परातीत, सालं कणसालाच चिकटून. कणीस हातात हलकं लागत होतं, दाणे सगळे आतून रिकामे. एवढं समाधान मला हल्ली कशानेच झालं नव्हतं. तरी दोनदा गाळलं, शिजवलं, परत गाळलं.

पण वाटी घेऊन तात्यांजवळ बसले आणि हात पुढे जाईना. बारीक साल राहिलं असेल तर? डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही. कळतं फक्त जिभेला. आणि मी तर देवीला शब्द दिलेला.

मग मनात म्हटलं, आई, हे खाणं नाही, ही तपासणी आहे. चमचाभर घेतलं आणि जिभेवर घोळवलं. साल नव्हतं. पण मला ते लगेच गिळवेना. गोडसर, खारट, लोण्याचं, आणि मागून कोवळ्या कणसाची ती चव, लहानपणी शेताच्या बांधावर बसून खाल्लेली. दूध आणि मीठ यांचं भांडण आहे म्हणून कोणी सांगितलं आपल्याला?

डोळे उघडले तर तात्यांचं तोंड उघडं होतं. आ वासलेलं, पाखराच्या पिल्लासारखं.

एक चमचा दिला. गिळला. दुसरा पुढे केला तर ओठ बंद, आणि बोट माझ्याकडे. म्हटलं, कालपरवाचा ठसका आठवत असेल, घाबरले असतील. परत आधी मी खाऊन दाखवला, मग त्यांनी घेतला. असं एक मी, एक ते, एक मी, एक ते. वाटी संपली. मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेलं पातेलं आणलं, तेही संपलं.

ललित रविवारची पाळी करून आला तेव्हा मी पातेलं पुसत होते. त्याने वडिलांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि खुर्ची न बघताच मटकन बसला.

३० सप्टेंबर, मंगळवार

दाखल केलं नाही. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, असंच चालू राहिलं तर नळी नको. "काय बदललंत तुम्ही?" मी म्हटलं, "मीठ."

देवीला नवस मोडल्याबद्दल नारळ कबूल केला आहे. खरं तर मोडला की फळला, हे मला कळत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

कणसं संपली. लाडकीकडे आता नुसता भोपळा. पण तात्या मऊ भातही घेतात, डाळही, परवा दसऱ्याचं श्रीखंडही. फक्त त्यांची एक खोड पडली आहे, पहिला घास मी खाऊन दाखवायचा आणि मग पाळीपाळीने. सालं नसली तरी. मी रोज त्यांच्या पलंगाशी ताट घेऊन बसते. जुनी सवय असेल, स्वयंपाक्याला चाखून बघितल्याशिवाय चैन पडत नसेल. घास झाला की मी शेजारच्या उखाळ्यापाखाळ्या सांगते, ते हुं हुं करतात. जेवण वीस मिनिटांचं, बसणं तासभराचं होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज संकष्टी.

गोड मका मिळाला म्हणून मुद्दाम किरमकान केलं होतं. आता हात इतका बसलाय की मीठ मोजावं लागत नाही. तात्यांपुढे वाटी नेली. ललित घरीच होता. त्याला म्हटलं, "आज तू बस यांच्याबरोबर. माझी संकष्टी आहे. शिवाय बांगड्या घट्ट व्हायला लागल्यात माझ्या, या तात्यांच्या नादी लागून. आता सोमवार, गुरुवार परत सुरू करते."

ललितने चमचा पुढे केला. तात्यांनी ओठ मिटले.

"घ्या ना तात्या, मी चाखू का?" ललित म्हणाला आणि त्याने एक चमचा खाल्लाही. ओठ मिटलेलेच. त्याने दोन खाल्ले. तात्या त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी डाव्या हाताने वाटी धरली आणि ढकलली. ललितच्या अंगावरून, पलंगाच्या कडेवरून, जिथे मी उभी होते तिथे.

"किरमकान," ते म्हणाले.

हात आता तेवढा थरथरत नाही. बोट कुठे आहे ते मला पहिल्यांदाच सरळ दिसलं. आणि मग काका फोनवर जे काही सांगत होते, जे मी दुधाच्या घाईत ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, ते सगळं एकदम कानात शिरलं. ती मॅडम, मागची पायरी. महिनाभर मी शब्द सोडवत बसले होते, बोटाकडे बघितलंच नव्हतं.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"जे..." तात्या म्हणाले. तोंड वाकडं झालं, घाम आला, पण त्यांनी सोडलं नाही. "जेव... लीस?"

तो त्यांचा दुसरा शब्द.

"नाही हो तात्या," मी म्हटलं, "कुठे जेवले." आणि पलंगावर त्यांच्या शेजारी बसून वाटी मांडीवर घेतली.